बिगर, मोर आणि गोरोबाकाकांचं थापटणं

या वीकांताचा विषय आहे ‘डिग्री ऑफ कम्पॅरिझन’. थांबा, लगेच पळू नका. मी काही व्याकरणाचा तास घेणार नाहीये, तेवढी माझी लायकी पण नाही. दिवसभर कोड लिहिणारा माणूस मी. पण गेले काही दिवस हा विषय डोक्यात घोळतोय आणि कुणाला तरी सांगितल्याशिवाय चैन पडणार नाही, म्हणून हा प्रपंच.

आधी थोडी पार्श्वभूमी. महाराष्ट्रात मराठी शाळांमध्ये इंग्रजी पहिलीपासून सुरू झालं २००० साली, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना. त्याआधी ते पाचवीपासून असायचं. आम्ही म्हणजे त्या निर्णयानंतरच्या पहिल्या काही बॅचेसपैकी एक. कळंब तालुक्यातली जिल्हा परिषदेची शाळा, समोर फळा, भिंतीवर तक्ता, आणि सगळ्या वर्गाचा एका सुरात घोष : बिग, बिगर, बिगेस्ट! टॉल, टॉलर, टॉलेस्ट! बे एके बे, बे दुणे चार म्हणायची जी चाल, तीच चाल याला. आज माझी पुतणी तिसरीत आहे. जिल्ह्याचं नाव २०२३ मध्ये उस्मानाबादचं धाराशिव झालं, गावात फोर-जी आलं, पण बिग-बिगर-बिगेस्टची चाल मात्र जशीच्या तशी आहे. मागे गावी गेलो होतो तेव्हा ऐकून अगदी भरून आलं :)

आता गंमत बघा. ‘बिगर’ हा शब्द आपल्याकडे आधीपासून आहे. बिगरशेती जमीन, बिगर साखरेचा चहा. ‘मोर’ तर प्रत्येक पोराला माहिती. म्हणजे तिसरीतल्या पोराच्या कानाला ‘बिगर’ म्हणजे ‘शिवाय’ आणि ‘मोर ब्युटिफुल’ म्हणजे सुंदर मोर! (दुसरं तसं बरोबरच आहे म्हणा.) हा विनोद नाही, मंडळी. परकी भाषा शिकणारं पोर तिच्यातले आवाज आपल्या भाषेच्या खुंटीला टांगून ठेवतं. खुंटी चुकली की शब्द पाठ होतो पण अर्थ भलतीकडेच लोंबकळत राहतो.

आणि त्या तक्त्यात आणखी एक गोष्ट नसते, ती म्हणजे तुलना! तीन रकाने असतात, तीन रूपं असतात. पण कोण कुणापेक्षा मोठं, हे कुठेच नसतं. ‘दॅन’ हा शब्दच तक्त्यात नाही. म्हणजे गाडीचे सगळे पार्ट ओळीने मांडून ठेवलेत, फक्त चाकं तेवढी विसरलीत. मग पोरगं पुढे ‘मोर टॉलर’ म्हणतं, किंवा ‘राम इज श्याम दॅन टॉल’ असं लिहितं, आणि आपण म्हणतो याचं इंग्रजी कच्चं आहे.

पण जरा थांबून बघितलं तर ते वाक्य मुळीच कच्चं नाही. ते मराठीच्या नियमाने एकदम पक्कं आहे. आपण म्हणतो, ‘राम श्यामपेक्षा उंच आहे.’ ‘पेक्षा’ कुणाला चिकटतो? श्यामला. आणि नंतर येतं ‘उंच’. पोराने शब्दाला शब्द ठेवून नीट भाषांतर केलंय. इंग्रजीत ‘दॅन’ श्यामच्या आधी येतो, एवढीच गोष्ट त्याला कुणी दाखवली नाही. ते एकदा दाखवलं की काम पाच मिनिटांचं.

मुळात आपल्या भाषेत तुलनेची सोय इंग्रजीपेक्षा वेगळ्या ठिकाणी बसवलीय. मराठीत ‘मोठा’ हे विशेषण लिंगाप्रमाणे बदलतं : मोठा, मोठी, मोठं. पण तुलना करताना ते बदलत नाही. ‘बैल वासरापेक्षा मोठा’, ‘बैल सगळ्यात मोठा’, दोन्हीकडे ‘मोठा’ तो ‘मोठा’च. इंग्रजीत बरोब्बर उलटं. तिथे ‘बिग’ला मुलगा-मुलगी काही फरक पडत नाही, पण तुलना आली की शेपूट बदलतं. या दोन ओळी मराठीत समजावून सांगितल्या तर तिसरीतलं पोर सुद्धा ‘अच्छा, असंय होय!’ म्हणेल. पण इंग्रजीच्या तासाला मराठी बोलायचं नाही असा एक सोवळेपणा हल्ली खेड्यातल्या शाळांपर्यंत पण पोचलाय. का, तर म्हणे इंग्लिश मीडियममध्ये तसं असतं.

आमच्याकडे तर ‘पेक्षा’ पण कमीच. आमची आजी ‘परीस’ म्हणते. ‘त्याच्यापरीस ही बरी.’ पुस्तकात असतं ‘हून’, ‘तिळाहून लहान’. म्हणजे आमच्या गावच्या पोराकडे तुलनेसाठी पेक्षा, परीस, हून अशी तीन-तीन हत्यारं आधीपासून आहेत. शिवाय काकणभर सरस, शेराला सव्वाशेर, एकापेक्षा एक, डावं-उजवं हे सगळं घरात कानावर पडतच असतं. ‘थोरला, मधला, धाकटा’ ही तर कुटुंबातलीच सॉर्टेड लिस्ट झाली. आणि काळाकुट्ट, पांढराशुभ्र, हिरवागार, पिवळाधमक, लालभडक? प्रत्येक रंगाचा जोडीदार वेगळा. नियम काही नाही. पण कुठलंही पोर ‘हिरवाकुट्ट’ म्हणत नाही. यासाठी कुणी तक्ता लावला होता का? नाही. म्हणजे पाठांतर पोरांना जमत नाही अशातला भाग नाही. शब्द वापरताना ऐकला की तो आपोआप बसतो.

‘गुड, बेटर, बेस्ट’चं पण तसंच. पोर ‘गुडर’ म्हणालं की आपण हसतो. पण लहान मराठी मूल ‘मी करलं’ म्हणतंच की, ‘केलं’ म्हणायच्या आधी. ‘जातो’चं ‘गेला’ कसं होतं याला पोराच्या दृष्टीने काय लॉजिक आहे? इंग्रजी घरातली मुलं सुद्धा लहानपणी ‘गुडर’ म्हणतात. नियम कळला याचीच ती खूण आहे, फक्त अपवाद अजून भेटायचाय. अशा पोराला लाल शाई कशाला? नुसतं हसून ‘बेटर’ म्हणायचं आणि पुढे जायचं.

आता थोडा फुकटचा इतिहास. (वीकांत आहे, चालतंय.) हे ‘एस्ट’ शेपूट आपल्याला परकं वाटतं ना? ज्येष्ठ, कनिष्ठ, श्रेष्ठ, वरिष्ठ हे शब्द आठवा. संस्कृतमधला ‘इष्ठ’ प्रत्यय आणि इंग्रजीतला ‘एस्ट’ हे एकाच खानदानातले आहेत. विल्यम जोन्सने १७८६ मध्ये कलकत्त्याला संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचं मूळ एकच असावं असं मांडलं, पुढे अभ्यासकांनी ते घराणं नीट लावलं, त्यात ही भावंडं सापडली. ग्रीकमध्ये पण तोच प्रत्यय आहे. म्हणजे आपल्या तहसील कचेरीत जेवढे वरिष्ठ आणि कनिष्ठ लिपिक बसतात, ते सगळे मुळात सुपरलेटिव्ह! संस्कृतची दुसरी जोडी तर आणखी ओळखीची : ‘तर’ आणि ‘तम’. लघुतम साधारण विभाज्य, महत्तम साधारण विभाजक. लसावि-मसाविने ज्यांना छळलं त्यांनी तमभाव गणिताच्या तासाला शिकलाय, नुसतं कुणी सांगितलं नाही एवढंच.

हे सगळं तिसरीच्या पोराला सांगा असं मी म्हणत नाहीये. पण शिकवणाऱ्याला माहीत असावं. म्हणजे मग आपण पोराला काही अगदीच नवीन, साहेबाच्या देशातून आलेलं शिकवतोय असा आव राहत नाही. तुलना करता येणं पोराकडे आधीपासून आहे. आपण फक्त त्याला दुसरा सदरा चढवतोय.

आता माझ्या धंद्यातली गोष्ट. कुठल्याही प्रोग्रॅमरला विचारा, यादी क्रमाने लावायची तर काय लागतं? फक्त एक गोष्ट : दोन वस्तू दिल्या तर मोठी कुठली, हे सांगणारं फंक्शन. बस्स. सगळ्यात मोठं शोधण्यासाठी वेगळी काही जादू लागत नाही. पहिला हातात धरायचा, पुढच्याशी तुलना करायची, मोठा निघाला तर तो हातात घ्यायचा, आणि शेवटपर्यंत जायचं. चाळीस पोरांच्या वर्गात सगळ्यात उंच कोण हे काढायला बरोबर एकोणचाळीस तुलना लागतात. म्हणजे ‘टॉलेस्ट’ हा ‘टॉलर’च आहे, एकोणचाळीस वेळा विचारलेला.

शाळेत हे रोज होतं. प्रार्थनेला उंचीप्रमाणे रांग लावतात ना? पोरं काय करतात? शेजारच्याला पाठ लावून उभी राहतात, खांद्याला खांदा बघतात, चुकलं असेल तर जागा बदलतात. ज्याला आम्ही इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला ‘बबल सॉर्ट’ म्हणून परीक्षेत लिहिलं, ते दुसरीतली पोरं मैदानात सकाळी दहा वाजता करून मोकळी होतात. तिथेच उभं राहून ‘आय ॲम टॉलर दॅन यू’ म्हणायला लावलं तर? तक्त्याची गरज काय?

म्हणून माझं पहिलं म्हणणं असं की तीन रूपं एकदम शिकवू नयेत. आधी आठवडाभर फक्त ‘अर’ आणि ‘दॅन’, तेही दोनच वस्तू हातात घेऊन. वस्तू काय, आमच्या भागात कमी आहेत का? मोहरी, ज्वारी, तूर, हरभरा. चार दाणे तळहातावर ठेवा. हरभरा तुरीपेक्षा मोठा, तूर ज्वारीपेक्षा मोठी, ज्वारी मोहरीपेक्षा मोठी. स्वयंपाकघरात जा : तांब्या, कळशी, घागर, रांजण. खर्च शून्य रुपये. आणि पोराच्या तोंडून शंभरदा ‘बिगर दॅन’ निघालं की मग एक दिवस विचारायचं, या सगळ्यात मोठं कुठलं? तेव्हा ‘बिगेस्ट’ द्यायचं, त्या प्रश्नाचं उत्तर म्हणून. भूक लागल्यावर भाकरी दिली की ती गोड लागते.

दुसरी गोष्ट, तुलना कशाच्या बाबतीत, हे विचारायची सवय. आमच्यात याला ‘की’ म्हणतात. सॉर्ट करायचं म्हणालात तर आधी सांगा, कुठल्या रकान्यावर? आमचंच उदाहरण घ्या. लातूर जिल्हा १९८२ मध्ये उस्मानाबादमधून वेगळा झाला. आता मोठा कोण? क्षेत्रफळ बघाल तर धाराशिव मोठा, साधारण साडेसात हजार चौरस किलोमीटर, लातूर सव्वासात हजाराच्या थोडं आत. लोकसंख्या बघाल तर २०११ च्या जनगणनेत आपण १६ लाख ५७ हजार आणि लातूर २४ लाख ५४ हजार. म्हणजे दोन्ही उत्तरं बरोबर! ‘धाराशिव इज बिगर दॅन लातूर’ आणि ‘लातूर इज बिगर दॅन धाराशिव’. चौथीच्या वर्गात ही दोन वाक्यं फळ्यावर लिहा आणि पोरांना भांडू द्या. इंग्रजी पण होईल, भूगोल पण होईल, आणि ‘मोठा म्हणजे कशात मोठा?’ हा प्रश्न आयुष्यभर पुरेल. व्हॉट्सॲपच्या जमान्यात तर नक्कीच.

आणि आता मूळ मुद्दा, ज्याच्यासाठी खरं तर हे सगळं लिहायला घेतलं.

पुतणीची वही चाळत होतो. ‘कम्पॅरिझनची पाच वाक्यं लिहा’ असा गृहपाठ होता. हत्ती आणि मुंगी, आगगाडी आणि सायकल, नेहमीचंच. चौथं वाक्य होतं : ‘आय ॲम डार्कर दॅन माय सिस्टर.’ स्पेलिंग बरोबर. ‘दॅन’ जागेवर. शेजारी लाल पेनाने टिक आणि खाली ‘व्हेरी गुड’.

व्याकरणाच्या हिशोबाने टिक अगदी योग्य आहे. त्या बाईंना मी नावं ठेवत नाहीये, पन्नास वह्या तपासताना कुणीही तेच करेल. पण नऊ वर्षांची पोर. तिला जगातल्या कुठल्याही दोन वस्तू घ्यायची मोकळीक होती. तिने स्वतःचा रंग घेतला. तिला विचारलं तर अगदी सहज म्हणाली, ‘वर्गात असंच सांगितलं होतं ना काका, कोण गोरं, कोण जाड, कोण हुशार.’ उदाहरणं जवळची हवीत म्हणून वर्गातलीच पोरं उभी केली होती म्हणे. तू उभा राहा, तू उभी राहा. फॅट, फॅटर, फॅटेस्ट. तीन पोरं उभी, बाकी वर्ग हसतोय.

ही एका शाळेची गोष्ट नाही, म्हणूनच लिहितोय. माझ्या ऑफिसात बीडचे, नागपूरचे, मालवणचे लोक आहेत, सगळ्यांना विचारलं. प्रत्येकाला आपल्या वर्गातली अशी एखादी रांग आठवते. आणि सगळ्यात बोलकी गोष्ट सांगू? त्या धड्याचं व्याकरण कुणाला आठवत नव्हतं. ‘फॅटेस्ट’ कोण होतं, ते मात्र सगळ्यांना आठवत होतं. वीस-पंचवीस वर्षांनी!

विशेषण शिकवणं म्हणजे पोराच्या हातात फूटपट्टी देणं. पहिल्यांदा ती कशावर ठेवायला शिकवतो यावर बरंच काही ठरतं. गोरं-काळं, जाड-बारीक, हुशार-ढ ही मापं समाजात भरपूर आहेत, पोरींच्या लग्नापर्यंत पुरतात. ती शाळेने इंग्रजीत भाषांतर करून परत द्यायची गरज नाही.

यावर मित्राने टाकलेला बाउन्सर असा की, ‘बाबा रे, जग स्पर्धेचं आहे. उद्या शिष्यवृत्तीची परीक्षा, परवा नीट-जेईई, तिथे रँकच लागणार. किती दिवस जपणार?’ मान्य आहे. मी पण रँकवरच इंजिनीअरिंगला आलो. पण रँक लागते ती पेपराला. पेपरासाठी जास्त अभ्यास करता येतो. रंगाला काय अभ्यास करणार? ज्यात पोराच्या हातात काहीच नाही त्या गोष्टीवर त्याला रांगेत उभं करणं ही स्पर्धाच नाही.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. ‘दोनशिक्षकी शाळा, दोन गुरुजी, चार वर्ग, वर आमची ऑनलाइन माहिती भरायची कामं. तक्ता म्हणून घेतला की अर्धा तास निभावतो, तुमचे मोहरी-हरभरे कोण मांडणार?’ हे बोलणाऱ्या गुरुजींबद्दल मला आदर आहे, पुण्यात एसीत बसून सल्ले देणं सोपं असतं. पण दाणे पोरं स्वतःच आणतात हो. आणि एका खोलीत पहिली ते चौथी एकत्र बसत असतील तर तुलनेला याहून चांगला वर्ग कुठला? पहिलीचं पोर चौथीच्या पोराशी दप्तराचं वजन ताडून बघेल, ‘युअर बॅग इज हेविअर’ म्हणेल, आणि गुरुजी तेवढ्यात माहिती भरतील!

माणसांची तुलना करायचीच असेल तर एक जागा आहे. २०१८ मध्ये केंद्र सरकारने आकांक्षित जिल्ह्यांचा कार्यक्रम सुरू केला. देशभरातले ११२ जिल्हे, महाराष्ट्रातले चार : नंदुरबार, वाशिम, गडचिरोली आणि आमचा. ‘मागास’ शब्दाला हे नवीन, सौम्य नाव. पण त्यात नीती आयोगाने एक गोष्ट शहाणपणाची केली. क्रमवारी नुसतं कोण कुठे आहे यावर न लावता, गेल्या वेळेपेक्षा किती पुढे सरकलात, यावर लावली. त्याला ते ‘डेल्टा’ म्हणतात. अख्ख्या जिल्ह्याची तुलना त्याच्याच कालच्याशी करता येते, तर नऊ वर्षांच्या पोरीची का नाही? ‘माय हँडरायटिंग इज बेटर दॅन लास्ट मंथ.’ ‘आय ॲम टॉलर दॅन लास्ट इयर.’ दाराच्या चौकटीवर पेन्सिलने खुणा करणाऱ्या घरात हे वाक्य सहज निघतं. व्याकरण तेच आहे, एक अक्षर कमी नाही. आणि कुणाला उभं करून हसायची सोय नाही.

जाता जाता आमच्या तेरची गोष्ट. तेर म्हणजे जुनं तगर, रोमन व्यापाऱ्यांना माहीत असलेलं गाव, आणि संत गोरोबाकाकांचं. आख्यायिका तुम्हाला माहितीच असेल : सगळी संतमंडळी जमलेली, मुक्ताबाईंनी विचारलं की यातलं कच्चं मडकं कुठलं. गोरोबाकाकांनी थापटणं घेतलं आणि एकेकाच्या डोक्यावर वाजवत गेले. नामदेवांना राग आला, आणि काकांनी निकाल दिला, हे मडकं कच्चं.

मला या गोष्टीत एक फरक महत्त्वाचा वाटतो. काकांनी नंबर लावले नाहीत. ज्ञानदेव पहिले, निवृत्तिनाथ दुसरे, नामदेव शेवटचे, असं काही केलं नाही. प्रत्येक मडकं भाजलंय की नाही, एवढंच बघितलं. सगळीच पक्की निघाली असती तरी त्यांना चाललं असतं. आणि कच्चं म्हणजे वाईट नव्हे, कच्चं म्हणजे अजून भट्टीत जायचंय. नामदेव पुढे विसोबा खेचरांकडे गेले आणि काय झाले ते आपल्याला माहीत आहे. अर्थात भर सभेत डोक्यावर थापटणं वाजवणं तिसरीच्या वर्गात चालणार नाही, नामदेवांसारख्यांना सुद्धा ते लागलं होतं!

असो. तर मंडळी, तुमच्या घरात दुसरी-तिसरीतलं कुणी असेल तर या रविवारी एवढंच करा. डब्यातून चार प्रकारचे दाणे काढा, मराठीत विचारा, मग इंग्रजीत. ‘बिगर’ म्हणजे ‘शिवाय’ नाही हे पण सांगून टाका. आणि वहीत एखादं वाक्य स्वतःच्या रंगाबद्दल दिसलं, तर टिक खोडू नका, वाक्य बरोबर आहे. फक्त जवळ बसवून म्हणा, की आता आपण दोघं मिळून दुसरी पाच लिहू.